सरोजाक्कांचा डावा कान

सरोजाक्कांना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं.

मुलाखतीसाठी बेंगळुरूला आलो होतो आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत तो कारखाना शोधता शोधता पार चुकलो होतो. जिकडे पाहावं तिकडे सारखीच पत्र्याची शेडं, सारखीच फाटकं आणि सगळ्या पाट्या कानडीत. शेवटी एका एसटीडी बूथवरून कारखान्यात फोन लावला. पलीकडून एक बाई कानडीत काहीतरी म्हणाल्या. मी माझं नाव सांगितलं आणि मोडक्या इंग्रजीत कुठं उभा आहे ते सांगायला लागलो. मला मध्येच थांबवून त्या म्हणाल्या, "सांगली-मिरजेकडचे काय हो तुम्ही? मग मराठीत सांगा की. बूथच्या बाजूला काय दिसतंय?"

"एक गणपतीचं देऊळ आहे. आणि टायरचं दुकान."

"सरी, बरं. देवळाकडं पाठ करा आणि सरळ चालत या. धाडधाड आवाज यायला लागला की समजा आलात. तो आमचा प्रेस शॉप, पत्रे ठोकायचा."

आणि खरंच, त्या आवाजाच्या मागे मागे मी फाटकापर्यंत पोचलो. रिसेप्शनच्या बाजूला, प्रेस शॉपच्या भिंतीला लागून, एक छोटी खिडकी होती. तिच्यातून एका बाईंनी मान बाहेर काढली. ठसठशीत कुंकू, केसांत मोगऱ्याचा गजरा, डाव्या कानावर काळा हेडफोन. "आलात ना? पाणी प्या आधी," म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, "साहेब आज खुशीत आहेत. घाबरू नका."

नोकरी मिळाली. पर्चेस खात्यात टेबल मिळालं. आणि काही दिवसांतच त्यांनी मला तम्मा करून टाकलं. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्यांना सगळा कारखाना अक्काच म्हणायचा, वयाने मोठे असलेले लोकही.

अक्कांच्या सासरचे आणि माहेरचे लोक कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूत. कधी आले ते घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. "आम्ही मराठी घरात बोलतो, कानडी रस्त्यात बोलतो आणि भांडण दोन्हीत करतो," असं त्या म्हणायच्या. त्यांचं मराठी माझ्या आजीच्या बोलण्यासारखं जुनं होतं आणि त्यात मधूनमधून कानडी शब्द. फोनवर कुणालाही 'होल्ड करा' त्या म्हणत नसत. "स्वल्प थांबा, देते," म्हणत. स्वल्प म्हणजे थोडं. ते त्या इतक्या मायेने म्हणायच्या की माणूस मुकाट्याने थांबायचा.

त्यांचा टेलिफोनचा बोर्ड जुना होता, दोऱ्या खोचून लाइन जोडायचा. तो कितीही गजबजलेला असला तरी त्या लाइन देताना पलीकडच्या माणसाची तब्येत सांगायच्या. "हुबळीचे पार्टी आहेत. आज आवाज चढलाय, हळू घे." एकदा आम्ही माल उशिरा उचलला म्हणून हे हुबळीचे गृहस्थ संतापून फोन करत होते. अक्कांनी मला लाइन दिलीच नाही बराच वेळ. मुलीचं लग्न ठरलं का, हॉल कुठला, जेवणाला कोण, हे सगळं विचारून घेतलं. माझ्यापर्यंत ते पोचले तेव्हा ते मलाच लग्नाचं आमंत्रण देत होते. माझ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी खिडकीकडे पाहिलं, तर अक्का पुढची दोरी खोचत होत्या.

मी लागल्यानंतरचा दुसरा उन्हाळा असेल. जेवणाच्या सुट्टीत प्रेस शॉप बंद होता, त्यामुळे सगळीकडे सामसूम होती. मी खिडकीपाशी उभा होतो. अक्का म्हणाल्या, "तम्मा, कुणाचा फोन वाजतोय बघ. उचलत का नाहीत?"

मी कान दिला. "कुठं वाजतोय, अक्का?"

"हा काय. बारीक. एकसारखा."

त्यांना वाटलं लाइनमध्ये काही बिघाड आहे. टेलिफोन दुरुस्तीचा माणूस आला, त्याने बोर्ड उघडला, झाडला, बंद केला आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. तो गेल्यावर अक्कांनी डोक्यावरचा हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "तू ऐक."

मी कानाला लावला. नेहमीची हलकी खरखर होती, बाकी काही नाही. मी मान हलवली. अक्का माझ्याकडे बघत होत्या. हेडफोन माझ्या कानावर होता आणि त्यांना तो आवाज अजून ऐकू येत होता, हे माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हेडफोन परत घेतला. "राहू दे, जाईल," म्हणाल्या.

तो गेला नाही.

पुढच्या काही महिन्यांत अक्का आमच्या डोळ्यांदेखत बदलल्या. गजरा बंद झाला. लाइनी चुकायला लागल्या. न वाजणारा फोन त्या उचलायच्या आणि वाजणाऱ्याकडे दुर्लक्ष करायच्या, कारण खरं वाजणं कुठलं याचा त्यांना भरवसा राहिला नव्हता. एके दिवशी हुबळीच्या गृहस्थांवर त्या खेकसल्या. त्यांनी मला फोनवर विचारलं, "अक्कांच्या घरी सगळं ठीक आहे ना?"

आम्ही दोघे कारखान्याच्या बसने राजाजीनगरला जायचो. अक्का पूर्वी खिडकीपाशी बसायच्या. आता त्या ड्रायव्हरशेजारी, इंजिनाला लागून असलेल्या बाकावर बसायला लागल्या. तिथे पाय भाजायचे म्हणून कुणी बसत नसे. एकदा मी त्यांना मागे चला म्हटलं. त्या म्हणाल्या, "नको तम्मा. इथं बरं असतं. इंजिनाजवळ तो येत नाही."

"कोण येत नाही?"

"आवाज."

मग थोडं थोडं करून त्यांनी मला सांगितलं. डाव्या कानात सतत एक शिट्टी. कुकरची नाही, त्याहून बारीक. दिवसा माणसांत ती जरा दबते. घर शांत झालं की ती सगळं घर भरून टाकते. उशीवर डोकं ठेवलं की सुरू, आणि झोप नाही ती नाहीच. शेजारणीने लसूण घालून कढवलेलं तेल दिलं. जावेने नवस बोलला. कुणी कापूर सांगितला, कुणी कांद्याचा रस. कानाच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की नस थोडी कमजोर झाली आहे, याला औषध नाही, सवय करून घ्या.

"सवय कर म्हणाले," अक्का सांगत होत्या, "पण कशी करायची, ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला."

आणखी एक गोष्ट त्यांनी मला सांगितली ती बऱ्याच दिवसांनी. बस ट्रॅफिकमध्ये अडकली होती. इंजिन बंद केलं होतं. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. त्यांची एक आत्या होती. तिला म्हणे आवाज ऐकू यायचे. भिंतीतून कुणी बोलतंय म्हणायची. तिला इस्पितळात नेऊन ठेवलं आणि मग घरात तिचं नाव घेणं बंद झालं. "लहानपणी मी तिला डबा द्यायला जायची," अक्का म्हणाल्या. "ती मला ओळखायची, पण मध्येच दुसऱ्याच कुणाशी बोलायची. तम्मा, माझं तसंच सुरू झालंय काय रे? घरी नागोजींना मी हे बोलले नाही. डॉक्टरांना पण नाही."

तेवढ्यात बस सुरू झाली.

त्याच आठवड्यात त्यांनी वर्क्स मॅनेजर शेषाद्रींना सांगून टाकलं की मला आता हे काम होत नाही, महिनाअखेर सोडते.

इथे नागोजीरावांबद्दल सांगायला हवं. अक्कांचे यजमान. चिकपेटेत त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. अत्यंत अबोल माणूस. गिऱ्हाइकाने फोटो पुढे ठेवावा, यांनी पट्टीचे नमुने पुढे ठेवावेत, त्याने बोट दाखवावं, व्यवहार संपला. अक्का म्हणायच्या, आमच्या घरातलं नागोजींच्या वाटणीचं बोलणं पण मलाच बोलावं लागतं. तर या नागोजीरावांच्या दुकानात एक तरुण मुलगी तिची पदवी फ्रेम करायला घेऊन आली. नागोजीरावांनी कागद हातात घेतला, मजकूर वाचला, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला प्रश्न विचारला.

"म्हणजे तुम्ही कानाचं काय करता?"

ती म्हणाली, ऐकू कमी येतं त्यांची तपासणी करते, मशीन बसवते, नुकतंच जे. पी. नगरला क्लिनिक उघडलंय. नागोजीराव म्हणाले, "माझ्या बायकोला जास्त ऐकू येतं."

त्या मुलीचं नाव वीणा. दुसऱ्याच दिवशी नागोजीराव दुकान बंद ठेवून अक्कांना तिच्याकडे घेऊन गेले. एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर तिची खोली होती, जिन्यात ताज्या पावाचा वास. अक्कांनी मला ते सगळं नंतर बसमध्ये इतक्या वेळा सांगितलं की मी स्वतः तिथे जाऊन आल्यासारखं वाटतं.

वीणाने तपासण्या केल्या. मग खुर्ची ओढून समोर बसली आणि विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. अक्कांनी नवऱ्याकडे पाहिलं. आणि आत्याची सगळी हकीकत नवऱ्यासमोरच सांगून टाकली.

वीणाने मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली, "तो आवाज तुम्हाला काही सांगतो का? नाव घेतो? काही कर म्हणतो?"

"नाही. नुसती शिट्टी."

"मग तो कानाचा आहे, अक्का. डोक्यात काही बिघडलेलं नाही. असा आवाज खूप लोकांना येतो. तुमच्या प्रेस शॉपच्या भिंतीला लागून बसणाऱ्या माणसाला आला तर त्यात नवल काय?"

अक्का तिथेच रडायला लागल्या. नागोजीराव उठले, खाली बेकरीत गेले आणि गरम दिलपसंद घेऊन आले. तिघांनी मिळून तो नारळाचा गोड पाव खाल्ला. अक्का म्हणायच्या, "त्या दिवशी आवाज एवढासा पण कमी झाला नव्हता. पण तम्मा, परत येताना बसमध्ये मला झोप लागली. नागोजींच्या खांद्यावर. सगळ्या लोकांसमोर."

वीणाने थोड्याच गोष्टी सांगितल्या होत्या. घर पूर्ण शांत ठेवायचं नाही, काहीतरी हलका आवाज चालू असू द्यायचा. हेडफोन उजव्या कानावर घ्यायचा आणि आवाज कमी ठेवायचा. प्रेस शॉपकडच्या भिंतीपासून बोर्ड हलवून घ्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो आवाज आहे की गेला हे तपासायचं नाही. अक्का रोज सकाळी उठल्या उठल्या दोन्ही तळहात कानांवर दाबून बघायच्या. ते बंद. "रोज त्याला हाक मारली तर तो कसा जाईल? आपल्याला गिऱ्हाईक आहे म्हणून बसून राहणार की," हे अक्कांचे शब्द, वीणाचे नव्हेत.

राजीनामा शेषाद्रींनी घेतलाच नव्हता. "बोर्ड हलवायला किती वेळ लागतो? तुमच्याशिवाय हुबळीशी कोण बोलणार?" एवढंच ते म्हणाले. बोर्ड रिसेप्शनच्या पलीकडच्या खोलीत गेला.

हलका आवाज कुठला, हे मात्र अक्कांना शोधावं लागलं. पंखा उपयोगी पडेना, तो मध्येच कुरकुरायचा आणि अक्का त्या कुरकुरीची वाट बघत जाग्या राहायच्या. रेडिओ लावला तर बातम्या ऐकत बसायच्या. मग एका रविवारी दुपारी नागोजीराव जेवून जरा पडले होते. उठून पाहतात तर घरात अक्का नाहीत. स्वयंपाकघरात ग्राइंडर चालू होता, डोशाचं पीठ वाटायचा तो दगडी ग्राइंडर. आणि त्याच्या शेजारी, जमिनीवर, हाताची उशी करून अक्का गाढ झोपल्या होत्या. पीठ वाटून वाटून लोण्यासारखं झालं होतं.

तिथून पुढे राजाजीनगरच्या त्या गल्लीत डोशांचं राज्य सुरू झालं. अक्कांना झोप हवी म्हणून रोज पीठ वाटलं जायचं. एवढं पीठ दोन माणसं किती खाणार? ते शेजारी गेलं, समोर गेलं, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलं. मला तर बसमध्येच डबा मिळायचा. शेजारीण एकदा हात जोडून म्हणाली, "अक्का, आज आमच्याकडे चपात्या करू द्या." अक्का हसल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांना तसं हसताना पाहिलं, असं नागोजीरावांनी मला सांगितलं. नागोजीराव इतकं बोलले, यावरून मी काय ते समजलो.

शेवटी त्यांनीच उपाय काढला. दुकानात काचा घासायचं एक छोटं यंत्र होतं, त्याची जुनी मोटर त्यांनी एका लाकडी खोक्यात बसवली. पीठ नाही, दगड नाही, नुसती घरघर. अक्का त्या खोक्याला 'दुसरे नागोजी' म्हणायच्या. "हे जास्त बोलतात," म्हणायच्या.

गजरा परत आला. लाइन देतानाचं स्वल्प परत आलं. पण आता त्यांच्यात एक नवी सवय आली होती. प्रेस शॉपमधला कुणी घरी फोन लावायला आला की त्या त्याचं बोलणं लक्ष देऊन ऐकायच्या. ती माणसं फोनवर ओरडून बोलत. एकदा बसप्पा नावाच्या जुन्या ऑपरेटरला त्यांनी विचारलं, "घरी गेल्यावर कानात काही वाजतं काय हो?"

बसप्पा म्हणाला, "वाजतं की. मशीन घरी येतं रोज. सगळ्यांच्याच येतं." जणू हवापाण्याबद्दल बोलत होता.

अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुपारी शेषाद्रींच्या केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, कॉफी घेऊन माझ्याबरोबर या." त्यांना प्रेस शॉपमध्ये, मोठ्या प्रेसजवळ उभं केलं. "कॉफी संपेपर्यंत इथंच थांबा." शेषाद्री चांगले माणूस, पण शॉपमध्ये ते नेहमी घाईत यायचे आणि घाईत जायचे. अर्धा कप उरला असताना ते बाहेर आले. पुढच्या महिन्यात कानांवर लावायचे मफ आले, प्रत्येकाला एक.

लोक ते लावेनात. घाम येतो म्हणाले, हाक ऐकू येत नाही म्हणाले, हेल्मेटवर बसत नाही म्हणाले. मफ खुंटीला लटकत राहिले. मग अक्कांनी त्यांचं स्वतःचं हत्यार बाहेर काढलं. बोर्डाच्या बाजूला एक माइक होता, कारखानाभर स्पीकर होते, कुणाला बोलवायचं असेल तर त्यावरून नाव पुकारायचं. दर पाळी सुरू होताना, मशीन चालू व्हायच्या आधी, स्पीकरवरून अक्कांचा आवाज यायला लागला. "किवी, किवी." किवी म्हणजे कान. आणि त्यापुढे नावं. "बसप्पा, किवी. मुनियप्पा, किवी. तुझी बायको काल फोनवर मला सांगत होती की टीव्ही फार मोठ्याने लावतोस." सगळा शॉप हसायचा आणि मुनियप्पा मुकाट्याने मफ चढवायचा. स्वतःच्या घरातली गोष्ट स्पीकरवर ऐकण्यापेक्षा घाम परवडला. हळूहळू नावं घ्यायची गरज राहिली नाही. नंतर तर पोरं अक्कांना लांबून पाहिलं की आपापल्या कानाला हात लावून दाखवायची.

माझी पुण्याला जायची वेळ आली तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. कारखान्यात आपोआप लाइन जोडणारा नवा बोर्ड आला होता आणि अक्कांनी आनंदाने निवृत्ती घेतली होती. निरोप घ्यायला मी एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. नागोजीरावांनी दार अर्धवट उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

पुढच्या खोलीत चटईवर अक्का झोपल्या होत्या. कुशीवर, हात गालाखाली, तोंड जरासं उघडं. वीज गेलेली होती. पंखा थांबलेला, लाकडी खोकं गप्प, गल्लीतही कुणी नव्हतं. इतकं शांत होतं की मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

नागोजीराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पूर्वी करंट गेला की ही रस्त्यावर जाऊन उभी राहायची. माणसांत." मग अक्कांकडे पाहत म्हणाले, "बराच वेळ झाला जाऊन. हिला कळलंच नाही."

"राहू द्या, उठवू नका," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. पेढ्यांचा पुडा मी कट्ट्यावर ठेवला. नागोजीरावांनी दार ओढून घेतलं, कडी वाजू नये म्हणून ती बोटाने धरून.